थॅक्रेबाईंनी अडवलेलं वाक्य

‘भिंत शोअर अप केली आहे’, म्हणजे टेकू देऊन सावरली आहे. नगरपालिकेच्या निवेदनातल्या या वाक्याशी एडिथा थॅक्रेबाईंची पेन्सिल अडली. यॉर्कशरच्या त्या बंदरगावातल्या साप्ताहिकाचा शब्द न् शब्द त्यांच्या नजरेखालून जायचा. आणि ही भिंत काही बागेचं कुंपण नव्हती! तिला फुगवटा आला म्हणून खालची नऊ घरं रिकामी केली होती. शुक्रवारी हे वाक्य छापून आलं, की माणसं परत राहायला जाणार. त्यात विल्फ डगलबीही होता, बाईंच्या वडिलांबरोबर होड्या बांधलेला.

बाईंनी कोट चढवला आणि तडक भिंत गाठली. सिमेंटचा हात, वर पांढरा रंग. लाकूड म्हणाल तर काडीसुद्धा नाही. त्यांचं डोकंच फिरलं. तिथूनच त्यांनी नगरपालिकेच्या प्रिडमोरला फोन लावला.

“अहो, टेकू कुठायत?”

“टेकू? बाई, ती नुसती बोलायची पद्धत आहे.”

“तुमच्याकडे असेल! माझ्या बापानं जन्मभर गोदीत बोटींना टेकू लावले, त्यालाच शोअर म्हणतात. भिंत शोअर अप केली म्हणा नाहीतर पडतं सरकार, भार पेलणारं काहीतरी खरोखर लावलेलं हवं. रंग भार पेलतो होय?”

“मग ‘मजबूत केली’ लिहा.”

“तेही खोटंच. ‘भिंतीला रंग दिला’ असं छापते. चालेल?”

“छापू नका, बुधवारी टेकू लावून घेतो,” प्रिडमोर म्हणाला.

बुधवारी ट्रक आला. मजुरांनी जाड तुळया भिंतीला तिरक्या लावून खाली पाचरी ठोकल्या. बाई हातोडी घेऊनच आल्या होत्या. वडिलांसारखा त्यांनी एकेका तुळईवर ठोका मारून कान दिला. घट्ट बसलेली खणकन वाजते. सातवी बद्द वाजली.

“ही पुन्हा ठोका.”

“बाई, आम्हाला शिकवू नका,” मुकादम गुरगुरला.

“शिकवत नाहीये. थांबलेय.”

सातवी खणखणली तेव्हाच बाई कचेरीत परतल्या आणि त्यांनी लिहिलं, ‘भिंत शोअर अप केली आहे. दुरुस्ती अजून बाकी आहे.’

शुक्रवारी सकाळी विल्फ काखेत पेपर आणि हातात पिशवी घेऊन कचेरीच्या दारात उभा राहिला. सहा आठवडे भाचीकडे काढून बिचारा पार कंटाळला होता.

“एडी, हे वाक्य त्यांचं की तुझं?”

“माझं, विल्फकाका.”

“मग चाललो मी घरी,” म्हणत त्यानं खिशातून किल्ली काढली.