मला फक्त मोजता येतं

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. कॉम्प्युटरमध्ये राहतो. माझ्यासमोर मजकूर ठेवला की शब्द किती, वाक्यं किती लांब, जोडाक्षरं किती, हे मी मोजतो आणि मजकूर वाचायला सोपा की अवघड याचा निकाल देतो. सोप्याला हिरवा ठिपका, अवघडाला लाल. वाचता मात्र मला एक अक्षर येत नाही. ज्यांनी मला बनवलं त्यांना हे ठाऊक होतं, पण विकताना असलं कोण सांगतं?

मला एका मोठ्या हॉस्पिटलात आणलं. घरी जाणाऱ्या पेशंटला तिथे एक पत्रक देतात, काय करायचं आणि काय टाळायचं ते सांगणारं. ती पत्रकं एक ताई लिहायच्या. त्यांची रीत साधी होती. कच्चा मजकूर घेऊन बाहेरच्या बाकापाशी जायचं, तिथे बसलेल्या कुणाला तरी तो वाचायला द्यायचा आणि म्हणायचं, "आता कागद पालथा ठेवा, आणि घरी गेल्यावर काय करणार ते तुमच्या शब्दांत सांगा." तो माणूस जे विसरायचा, ते ताई पुन्हा लिहायच्या. यात अख्खी दुपार जायची. विभागाच्या साहेबांना ते बघवत नसे.

मी आलो आणि साहेबांना आकाश ठेंगणं झालं. बाकावरचं वाचन बंद. मजकूर माझ्यापुढे ठेवायचा, हिरवा झाला की थेट छापायला. पहिली वर्षं माझं काय कौतुक! वरच्या ऑफिसातून माणसं यायची, पडदाभर हिरवे ठिपके बघून माना डोलवायची आणि चहा पिऊन जायची. पत्रक एकानेही वाचलं नाही.

मग प्लास्टरचं पत्रक आलं, हात मोडलेल्या मुलांच्या आईबापांसाठी. त्यात ताईंनी लिहिलं होतं, 'प्लास्टरबाहेरची बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर सकाळ होण्याची वाट न बघता असाल तसे लगेच हॉस्पिटलात या.' वाक्य लांबलचक. मी लाल ठिपका दिला.

"तोडा ते," साहेब म्हणाले.

"तोडते, साहेब. पण सकाळची वाट बघू नका, एवढं तरी राहू द्या. लोक रात्री निघायला कचरतात."

"अहो, रंग बघा ना. एका पत्रकापायी सगळ्या विभागाचं नाक कापून घ्यायचं का?"

शेवटी साहेबांनीच ते छाटलं. 'बोटं बघा. निळी झाली? हॉस्पिटलात या.' मी लगेच हिरवा ठिपका दिला.

काही दिवसांनी एक बाप आमच्या खोलीत आला. त्याच्या लेकीची बोटं संध्याकाळीच निळसर झाली होती. त्याने तिला थोपटून झोपवलं आणि सकाळी पहिल्या बसने आणलं. तोवर आतले स्नायू मेले होते. हात राहिला, पण तिची मूठ आता कधीच वळणार नाही. त्याने पत्रक टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही.

"मी दोनदा वाचलं हो," तो म्हणाला. "सगळं कळलं. हॉस्पिटलात या म्हटलंय, तर आणलं ना सकाळी."

साहेबांनी पडदा त्याच्याकडे वळवला. "पत्रक एकदम सोपं आहे, बघा," ते म्हणाले, आणि त्या बापाला माझा हिरवा ठिपका दाखवला. मला स्वतःची शिसारी आली.

ताईंनी ते वाक्य परत घातलं. मी परत लाल ठिपका दिला, कारण मला दुसरं काही येत नाही. साहेबांनी परत छाटलं आणि ताईंची बदली दुसऱ्या विभागात केली.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी 'आम्हाला जपा' म्हणून विनवतात. मला जपू नका. जपायचं असेल तर वाचणाऱ्याला जपा. लिहिलेलं आधी एका माणसाला वाचायला द्या आणि काय कळलं ते त्याच्या तोंडून ऐका. जमलं तर आमच्या साहेबांनाही कुणीतरी हे सांगा, आणि लवकर सांगा. प्लास्टरच्या पत्रकाचा नवा गठ्ठा आजच छापून आला आहे, आणि त्यात एक शब्दही बदललेला नाही.