वाऱ्याआडचा कबुतरखाना

टण्.

कबुतराच्या गळ्यातली पिशवी चिरली तसा एक दाणा ताटात पडला. मग टणटण आणखी. पाळण्यातलं बाळ हललं, पण उठलं नाही.

"सातू!" माझी लेक मारूल म्हणाली. कालच तिचा ताप उतरलाय, म्हणून हे सूप.

"हो, राणी. झानीकाकांच्या शेतातला," मी म्हटलं. बरं वाटलं मला.

आमची पवनचक्की तिनोस बेटावरच्या ह्या टेकडीवर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधली. माझ्या नवऱ्याचा चुलत भाऊ झानी ती विकत मागत होता. सासरे नाही म्हणाले. मग त्याने स्वतःच्या जागेत, चक्कीला अगदी खेटून, उत्तरेला उंच कोठार उभं केलं. आमचा वारा उत्तरेचाच. चक्कीची कापडी शिडं ओल्या धुण्यासारखी लोंबू लागली. सासरे रोज चक्कीपाशी बसायचे, तळहात वर धरून वारा शोधायचे. त्यातच गेले. माझा नवरा मार्कोस बोटीवर कामाला गेला. धाकट्याचं तोंड त्याने अजून पाहिलेलं नाही.

झानी भेटायला आला. "वहिनी, आता तरी विका. वाऱ्याशिवाय काय करणार तिचं?"

"कबुतरं पाळीन, भावोजी. त्यांना वारा नकोच असतो."

"पाळा, पाळा! पोरांना खेळायला होतील."

बाळाला पाठीशी बांधून मी शिडं उतरवली. दक्षिणेच्या भिंतीत पातळ दगडांची त्रिकोणी भोकं रचून घेतली. भावोजींच्या कोठाराने असा आडोसा दिला, की आजूबाजूच्या गावांतली कबुतरंही आमच्याकडे राहायला आली. आणि चरायला सगळ्यात जवळ काय? भावोजींचं शेत. दुसऱ्याच्या कबुतरावर आमच्या गावात कुणी बंदूक उचलत नाही. उचलली तर पाद्रीबाबाही त्या घरचा घास घेत नाहीत.

परवा झानी दारात उभा होता, टोपी हातात.

"वहिनी, पुन्हा पेरलंय. उगवेपर्यंत तरी कोंडून ठेवा."

"ठेवते की. आधी कोठार पाडा."

"पाडून काका परत येणारेत का?"

"नाही ना. म्हणूनच तर."

तो उतारावरून खाली जाईपर्यंत मी दारातच उभी होते. त्याची वाकलेली पाठ डोळे भरून पाहिली.

मारूलने ताटातले दाणे ओंजळीत घेतले. झानीची लेक अनेझा तिची मैत्रीण. दोघी दिवसभर कुंपणापाशी असतात.

"अनेझाकडे काल पाव नव्हता," ती म्हणाली. "आई, आपला वारा अनेझाने अडवला होता का?"