पहिला कप हरलेल्याचा

मित्रांनो, माझ्या पोटावर तीन ठिगळे आहेत, तोटी किंचित डावीकडे वाकली आहे आणि झाकणावरची मूठ मूळची नाही. तरीही मी एक सुखी किटली आहे. वेल्सच्या उत्तरेकडील डोंगरांत, पाटीच्या दगडाच्या एका खाणीत माझी उमेदीची वर्षे गेली. त्या दिवसांची, आणि विशेषतः माझ्या उतारवयात उजाडलेल्या एका शनिवारची हकीकत तुम्हांला सांगावी, असे फार दिवस मनात होते.

माझा जन्म कार्नारव्हनच्या बंदराजवळ एका तांबटाच्या दुकानात झाला. तांबट मितभाषी होता. त्याने पत्रा ठोकून मला घाट दिला, आतून कल्हई केली आणि खाणकामगारांच्या स्वाधीन करताना एवढेच सांगितले, "हिला रिकामी विस्तवावर ठेवू नका. बाकी हवं ते करा."

खाणीच्या प्रत्येक टप्प्यावर एक दगडी झोपडी होती. तिला कॅबन म्हणत. बाराचा भोंगा झाला की पंचवीस-तीस माणसे हातापायांवरची राखाडी धूळ झटकीत आत येत, भिंतीलगतच्या बाकांवर बसत आणि पाव-लोणी खात. मी तोवर विस्तवावर तासभर मुरलेली असे. माझा चहा इतका काळा आणि कडू होई की नवख्या माणसाचे तोंड वाकडे व्हावे.

परंतु कॅबनचे खरे वैभव चहात नव्हते. तेथे रीतसर सभा भरे. सभेला सभापती असे, चिटणीस असे, इतिवृत्त लिहिले जाई. कधी पठण, कधी गायन, आणि बहुतेक दिवशी वादविवाद. राजाला मुकुट हवा की नको, मेंढी श्रेष्ठ की गाय, बायबलातला योना माशाच्या पोटात तीन दिवस काय खात असेल, कोणताही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. शाळेत चार वर्षेही न गेलेली माणसे तेथे अशी बोलत की ऐकताना मी उकळायचे विसरत असे.

आमच्या कॅबनचा एक नियम मात्र अन्य कोठे नव्हता. आदल्या दिवशी वादात जो हरला असेल, त्याला दुसऱ्या दिवशी माझ्यातील पहिला कप मिळे. हा नियम आमच्या सभापतींनी घातला होता. त्यांचे कागदावरचे नाव विल्यम ह्यूज. पण आमच्या मुलखात अर्धा डझन आडनावांत सगळा डोंगर वाटलेला, म्हणून कोणी कोणाला त्या नावाने हाक मारीत नसे. सारे त्यांना विल सभापती म्हणत. विल म्हणायचे, "जिंकणाऱ्याचा घसा जिंकण्यानंच ओला होतो रे. कोरडा पडतो तो हरणाऱ्याचा." तो कप घेतल्यावर मागील वाद संपला असे मानले जाई. मनात अढी ठेवून कप घेणे हा तेथे मोठा अधर्म होता.

माझी देखभाल इथेल करी. शिळेखाली पाऊल चिरडल्यापासून त्याला चढण झेपत नव्हती. म्हणून विस्तव आणि मी त्याच्याकडे सोपवले गेलो. लोक त्याला इथेल किटली म्हणत. मित्रांनो, एखाद्या सज्जनाच्या नावापुढे आपले नाव लागावे, याहून भांड्याला मोठा सन्मान कोणता?

इथेलचे दोन जिवलग होते, गोरोन्वी आणि इद्वल. गोरोन्वी मांडीला दोराचा एक वेढा घेऊन उभ्या कड्यावर लटके आणि दगड मोकळा करी. इद्वल त्याच दगडावर छिन्नी टेकवून घरांच्या छपरांसाठी पातळ पाट्या काढी. एकाच्या श्रमावर दुसऱ्याचे श्रम उभे होते.

मग पाट्यांची मागणी घटली. खाण बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा कॅबनमध्ये विषय निघाला: खाण बंद पडली तर गाव सोडावे की नाही? इद्वल म्हणाला, सोडावे, पोटाला मातृभूमी नसते. गोरोन्वी उठला. तसे भाषण मी पूर्वी ऐकले नव्हते, पुढेही ऐकले नाही. शेवटी तो म्हणाला, "जो हे गाव सोडून जाईल, त्यानं मला पुन्हा तोंड दाखवू नये!" टाळ्यांनी छप्पर हादरले. इद्वल हरला, आणि मान खाली घालून कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी पहिला कप त्याचा होता. मी मुरून तयार होते. पण भोंग्याआधीच सर्वांना मोठ्या आवारात बोलावून खाण आजपासून बंद असे सांगण्यात आले. कॅबनमध्ये कोणी परतले नाही. सायंकाळी इथेल एकटा आला, विस्तव विझवला, माझ्यातील थंड चहा दाराबाहेर ओतला आणि मला घरी घेऊन गेला.

यानंतर जे घडले ते मोठे विलक्षण होते. 'जाऊ नये' म्हणणारा गोरोन्वी तीन महिन्यांत इंग्लंडात मोटारींच्या कारखान्यात गेला, कारण घरी चार लेकरे होती. 'जावे' म्हणणारा इद्वल कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंतही गेला नाही, कारण आई अंथरुणाला खिळली. तो शाळेत पहारेकरी झाला. दोघांनाही आपल्याच शब्दांची लाज वाटू लागली. दुसरा आपल्याला हसत असेल, असे प्रत्येकाने मनाशी पक्के धरले. चौदा वर्षे ते एकमेकांशी बोलले नाहीत.

इथेलच्या घरी त्याची थोरली बहीण लुनेड विजेच्या किटलीत चहा करी. मी फडताळावर काळवंडत बसले. वर्षातून एकदा मात्र मला काम असे. आमच्याकडे ईस्टरच्या आधीच्या रविवारी थडग्यांवर फुले वाहतात. त्याआधी थडगी घासूनपुसून स्वच्छ करतात. ज्यांच्या मागे कोणी उरले नव्हते अशा जुन्या सोबत्यांची थडगी इथेल धुई. मला कोमट पाण्याने भरून, लंगडत लंगडत, तो एकेका नावापुढे थांबे. परत येताना मला म्हणे, "बयो, त्या दोघांना एकदा एका बाकावर बसलेलं बघू दे, मग मी सुखानं डोळे मिटीन." तो दर वर्षी गोरोन्वीला पत्र लिही. उत्तर येई, "पुढच्या वर्षी नक्की."

या फेब्रुवारीत इथेल गेला. अंत्यविधीला इद्वल सर्वांच्या मागे उभा राहिला. गोरोन्वीचे पुष्पचक्र आले. तो आला नाही. फडताळावरून मी एकच विचार करीत होते. इथेलची इच्छा आता कोण पुरी करणार?

लुनेड कमी बोलणारी, पण पक्की बाई. तिने दोघांना एकच मजकूर पाठवला: "थडगी धुवायला माणूस नाही. शनिवारी दहाला ये. ब्रश आण." दुसऱ्यालाही बोलावले आहे, हे तिने कोणालाच कळवले नाही.

शनिवारी दहा वाजता लुनेडच्या घराच्या फाटकाशी दोघे समोरासमोर आले. क्षणभर दोघांनी आकाशाकडे पाहिले.

"वारा आहे," इद्वल म्हणाला.

"आहे," गोरोन्वी म्हणाला.

चौदा वर्षांनंतरचे संभाषण येथेच आटोपले. लुनेडने गोरोन्वीच्या हाती मला दिले, इद्वलच्या हाती बादली आणि डॅफोडिलच्या पिवळ्या फुलांची मोठी जुडी दिली. प्रथम ते खाणीच्या जुन्या प्रवेशद्वाराशी गेले. तेथे कामावर मृत्यू पावलेल्यांची नावे कोरलेली शिळा आहे. इद्वलने टोपी काढली. गोरोन्वीने ब्रशाने शेवाळ काढीत सगळी नावे मोठ्याने वाचली. एका जुन्या सोबत्याच्या नावाशी तो थांबला आणि पुन्हा वाचू लागला. तेथून ते प्रार्थनागृहाच्या आवारातील थडग्यांकडे आले. पण एकमेकांशी ते बोलेनात. जे काय बोलायचे ते लुनेडच्या मार्फत.

"त्याला सांग, पाणी जरा बेतानं ओत. डोंगरावर झरा आहे, पण तो काही किटलीत नाही," इद्वल लुनेडला म्हणाला.

"त्याला सांग, ब्रश उलटा धरलाय."

"मी काय तुमची टपालबाई आहे?" लुनेड म्हणाली. "मी इथेलकडे जाते. तुम्ही विलचं थडगं धुवा."

इथेलचे ताजे थडगे प्रार्थनागृहाच्या आवाराच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यावर अजून दगडही नव्हता. ती तिकडे गेली. हे दोघे विल्यम ह्यूज हे नाव शोधीत फिरले, आणि जुन्या यू वृक्षाखाली ते त्यांना सापडले. विल सभापती खाण बंद पडल्यावर वारले होते आणि त्यांच्या थडग्यावर दगड नंतर बसला होता. इद्वलने तो कधी पाहिला नव्हता. दोघे गुडघ्यांवर बसले. इतक्या भक्तिभावाने दगड घासलेला मी कधी पाहिला नाही. कोरलेल्या अक्षरांतील माती इद्वलने नखाने काढली. गोरोन्वीचे डोळे भरून आले.

"देवमाणूस होता," गोरोन्वी स्वतःशीच म्हणाला.

"होता," इद्वल म्हणाला. सारी फुले त्यांनी तेथे वाहिली.

तेवढ्यात लुनेड आली. दगड पाहून ती जागीच थबकली.

"अरे देवा! हे काय केलंत?"

"का? विलचं थडगं धुतलं."

"विल तिकडे भिंतीजवळ आहे. हा विल्यम ह्यूज म्हणजे आपला मुकादम!"

मित्रांनो, हा मुकादम खाणीत कोणाला कोणता कडा द्यायचा ते ठरवीत असे, आणि गोरोन्वीने त्याच्यापुढे मान तुकवली नाही म्हणून त्याला ओळीने पाच वर्षे सडका, भेगाळ कडा दिला होता. सगळ्या खाणीत ज्याला सर्वांत जास्त शिव्या मिळाल्या, तो हाच.

मग इद्वलच्या खांद्यांना कंप सुटला. मला वाटले तो रडत आहे. तो हसत होता.

"देवमाणूस होता म्हणे!"

"तूच 'होता' म्हणालास ना!" गोरोन्वीही फुटला. "आणि नखानं माती काय काढतोस, लेका! जिवंतपणी त्याच्या चहात थुंकायला निघाला होतास!"

दोघे त्या ओल्या दगडाला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसू ओसरल्यावर गोरोन्वीने फुलांकडे हात नेला.

"थांब," इद्वल म्हणाला. "वाहिलेली फुलं परत घेतात का?"

"चुकून वाहिलीत. ही विलची आहेत."

"मेलेल्या माणसाशी कसलं वैर? त्याच्याकडे दुसरं कोण फुलं आणणार आहे?"

"त्यानं दिलेला कडा तू पाहिलास? एक दगड धड निघत नव्हता!"

"पाहिला तर! त्याच दगडाच्या पाट्या काढताना माझ्या छिन्न्या मोडल्या. तरी म्हणतो, राहू देत."

वाद सुरू झाला, मित्रांनो! आवाज चढले, दाखले आले, बायबलातील वचने आली. लुनेड शेजारच्या कठड्यावर बसली आणि तिने सभापतीप्रमाणे हात वर केला.

"पुरे! फुलं राहतील. विलसाठी माझ्या अंगणात अजून आहेत. गोरोन्वी हरला."

मग त्यांनी भिंतीजवळचा खरा दगड धुतला, इथेलपाशी उभे राहिले आणि घरी आले. लुनेडने विजेच्या किटलीकडे पाहिलेही नाही. मला विसळून भरले, विस्तवावर ठेवले, चांगले तासभर मुरवले. चौदा वर्षांत प्रथमच माझ्या पोटात चहाची पाने पडली होती. दोघे एका बाकावर बसले होते. लुनेडने पहिला कप भरून गोरोन्वीपुढे सरकवला.

त्याने तो घेतला नाही.

"हा आजचा," तो हळू म्हणाला. "पण त्या दिवशीचाही राहिलाय. तो इद्वलचा होता. पण खरं म्हणजे हरलो मीच. एवढं मोठं बोललो, आणि पहिल्यांदा बस पकडली ती मीच. त्याला तोंड कसं दाखवणार होतो?"

"मला वाटलं तू हसत असशील," इद्वल म्हणाला. "जा म्हणणारा मी, आणि अजून शाळेच्या फाटकाशी उभा आहे."

"तुझी आई आजारी होती."

"आणि तुझी पोरं लहान होती."

"दोघंही हरलात तर कप कोणाला?" लुनेड म्हणाली. "लवकर ठरवा. निवतोय."

गोरोन्वीने एक घोट घेतला आणि कप इद्वलकडे दिला. इद्वलने उरलेला संपवला. त्याचे तोंड वाकडे झाले.

"इथेल यापेक्षा बरा करायचा."

"खोटं!" लुनेड म्हणाली. "त्याचा तर याहून भयंकर असायचा!"

गोरोन्वी त्या रात्री परत गेला नाही. दुसऱ्या आठवड्यात दोघे खाणीच्या जुन्या राडारोड्याच्या ढिगावर चढले. गोरोन्वीने इथेलच्या थडग्यासाठी दगड निवडला, इद्वलने तो चिरला. वर काय कोरावे यावर पुन्हा वाद झाला, पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत होते: नुसते जन्मनाव कोरायचे नाही, नाहीतर पन्नास वर्षांनी कोणी भलत्याच इथेलला फुले वाहील. आज त्या दगडावर लोकांनी प्रेमाने हाक मारलेले नाव आहे: इथेल किटली. दर महिन्याला आता खाणीतली आठ-दहा पांढऱ्या केसांची माणसे लुनेडकडे जमतात. मला पुन्हा कल्हई झाली आहे.

मित्रांनो, तांब्याचे भांडे वापराने झिजते हे खरे. परंतु फडताळावर ठेवलेले त्याहून लवकर काळवंडते. माणसांचेही तसेच असते. तुमच्या आजोबांना कधी विचारा, त्यांच्याबरोबर काम करणारे कोण कोण होते, त्यांना कोणत्या नावाने हाक मारीत, आणि त्यांतले कोण आज कोठे राहतात. पत्ता मिळाला तर आजोबांचा हात धरून त्यांना तिकडे घेऊन जा. फुलांची वाट पाहू नका. चहाची वेळ झाली की निघा.