आरोळीचा नमुना

‘कला माणसाला त्याच्या मुळांपाशी परत नेते,’ असं नादरंग कलापीठाच्या फाटकावर काळ्या ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे. त्याच फाटकाच्या आतल्या बाजूला, बाहेर पडणाऱ्याला दिसेल असं, ‘पुन्हा या, पाण्यात मजा करा’ असंही आहे. कळंब रस्त्यावरचं हे कलापीठ आधी रिसॉर्ट होतं. पोहण्याचा तलाव कोरडा करून त्याचं रंगकुंड झालं, पण फरशीवरचे खोलीचे आकडे तसेच राहिले. त्यामुळे शोकांतिका सहा फुटांच्या बाजूला आणि विनोदी प्रवेश तीन फुटांच्या बाजूला, अशी वहिवाट आपोआप पडली.

पौर्णिमा या कलापीठात आली ती लडकूच्या जीपमुळे.

तिची आई विठाबाई कशेळ्याच्या बाजारात भाजी विकते. तीन वर्षांपूर्वी पौर्णिमा कळंबहून काकड्यांची पाटी घेऊन निघाली होती आणि लडकूची जीप तिला न घेताच पुढे गेली. वळणापर्यंत पोचलीसुद्धा. पौर्णिमाने पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवला आणि आरोळी दिली, “ओ लडकूदादाऽऽ! थांब रंऽऽ!”

जीप थांबली. मागून येणारा टेंपो थांबला. आणि कलापीठाच्या फाटकातून चहाचा कप हातात घेऊन ते चालवणारे हृषीकेश सर बाहेर आले.

“ही आरोळी कुणी दिली?”

“मी दिली. का? झोपमोड झाली का तुमची?”

सरांची झोपमोड झाली होतीच, पण ते कलावंत असल्यामुळे त्यांना ती जाग आल्यासारखी वाटली. त्यांनी तिथेच तिला प्रवेश दिला. फी माफ, वसतिगृह माफ. “तिसऱ्या वर्षी मी तुझ्यासाठी नाटक लिहिणार,” ते म्हणाले. “बाजारातली बाई. नायिका तू.” मग त्यांनी फोन काढून तिच्याकडून बारा आरोळ्या रेकॉर्ड करून घेतल्या. मेथीच्या चार, काकडीच्या चार, भांडणाच्या चार. काकड्या नासतील म्हणून पौर्णिमाने घाई केली, तर सर म्हणाले, “वा! घाईसुद्धा खरी आहे.”

दुसऱ्या दिवसापासून तो आवाज दुरुस्त करायला सुरुवात झाली.

आवाज गळ्यातून नाही, पोटातून यायला हवा, असं कळलं. पौर्णिमाने तो पोटात नेला. दातांत बुचाचा तुकडा धरून उतारे म्हटले. ‘नाय’ म्हटलं की रंगकुंडाला एक फेरी आणि ‘हाय’ म्हटलं की दोन. पहिल्या दोन महिन्यांत तिची पायी चाल खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत जाऊन परत येण्याइतकी झाली असेल. पण तिने तक्रार केली नाही. सर करताहेत ते नाटकासाठी, आणि नाटक आपल्यासाठी, एवढा सरळ हिशोब तिच्या डोक्यात होता.

सुट्टीत घरी गेली की विठाबाई तिच्या कपाळाला हात लावून बघायची.

“आजारी हायस का गं?”

“नाही गं आई. आवाज गोलाकार करायला शिकवतात.”

“मंग एवढी हळू का बोलतेस?”

“हळू नाही. संयत.”

“त्याला शाळा कशाला लागते? माझ्या वयाची झालीस की येतंच.”

खोलीत तिच्यासोबत डोंबिवलीची दीप्ती होती. गुणी, गोड मुलगी. दीप्ती तासन् तास कानात इयरफोन घालून डोळे मिटून पडलेली असायची. मधूनच विचारायची, “पौर्णिमा, हाक मारताना कमरेवर हात का ठेवतात गं?” पौर्णिमा कौतुकाने सांगायची की एरवी पाटी कमरेवर असते, ती खाली ठेवली की हाताला करमत नाही. दीप्ती ते वहीत लिहून घ्यायची. आपल्या बाजाराची कुणी वही भरतंय, या आनंदात पौर्णिमाने तिला उधारी मागणाऱ्याला कसं हाकलायचं तेही शिकवलं.

तिसऱ्या वर्षी सरांनी खरंच नाटक लिहिलं. पात्रनिवड रंगकुंडात झाली. पौर्णिमाने पहिलं वाक्य म्हटलं. आवाज पोटातून आला, गोल आला, शेवटच्या अक्षरापर्यंत स्वच्छ ऐकू आला. सरांनी डोळे मिटले.

“सुंदर,” ते म्हणाले. “पण पौर्णिमा, तुझ्यात माती उरली नाही गं.”

मग दीप्ती उठली. तिने कमरेवर हात ठेवला आणि अशी आरोळी दिली की पौर्णिमाचा हात सवयीने पाटी उचलायला गेला. मेथीची पहिली. त्यानंतर मेथीची दुसरी, जिच्यात मध्येच खोकला होता. तीन वर्षांपूर्वी पौर्णिमाला खोकला झाला होता. दीप्ती तो खोकलाही खोकली.

संध्याकाळी खोलीत दीप्तीने स्वतःच फोन पुढे केला. स्वभावाने ती खरोखर वाईट नव्हती. फाइलचं नाव होतं, ‘बाजारबाई, नमुना एक.’

“सरांनी सहा महिन्यांपूर्वी दिली,” ती म्हणाली. “मला वाटलं तुला माहीत आहे. तू किती मनापासून शिकवत होतीस.”

पौर्णिमा सरांकडे गेली. “सर, तुम्ही नाटक माझ्यासाठी लिहिणार होतात.”

“तुझ्यामुळे लिहिलं,” सर शांतपणे म्हणाले. “‘तुझ्यासाठी’पेक्षा ते मोठं असतं. तू आता स्वतःच्याही पुढे गेलीस, हे माझं यश आहे. आणि तुला काम आहेच. प्रयोगाआधीची निवेदनं तू करणार.”

प्रयोग शनिवारी दुपारी चारला झाला. प्रेक्षक तीन फुटांच्या बाजूला बसले. पौर्णिमाने आपले भ्रमणध्वनी बंद ठेवण्याची नम्र विनंती केली. तीन वर्षांचं शिक्षण त्या विनंतीत पुरेपूर उतरलं होतं. मग ती येऊन आईशेजारी बसली. दीप्तीची पहिली आरोळी झाली तशी विठाबाई पुढे सरकली.

“कोणाची गं ही पोर? आवाज वळखीचा वाटतो.”

“माझाच आहे.”

विठाबाईने आधी तिच्याकडे आणि मग रंगकुंडाकडे पाहिलं. “मंग तुज्याकडं काय राहिलं?”

 प्रयोग संपताच सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. विठाबाई भाच्याच्या मोटरसायकलवरून घाईने बाजारात गेली, कारण भाजी शेजारणीच्या भरवशावर टाकून आली होती. सर पत्रकारांना मुळांबद्दल सांगत होते. पौर्णिमाने खोलीत जाऊन बॅग भरली. दातांत धरायचा बुचाचा तुकडा दीप्तीच्या उशीवर ठेवला आणि कुणालाही न सांगता ती ‘पुन्हा या’च्या फाटकातून बाहेर पडली.

ती रस्त्यावर पोचते तोच लडकूची जीप समोरून गेली. आपली जागा ठरलेलीच आहे अशा थाटात तिने बॅग खाली ठेवली, कमरेवर हात ठेवला आणि आरोळी दिली.

आवाज पोटातून आला. गोलाकार होता. एकेक अक्षर सुटं आणि स्पष्ट होतं. शेजारच्या कुंपणावर बसलेला कावळासुद्धा उडाला नाही.

जीप वळणापर्यंत गेली, आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

पुढची जीप पावणेसातला असते. शनिवार सोडून.