पाच तास मागे असलेले घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे, आणि बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

विमानाची तिकिटे काढून देणाऱ्या एका लहानशा कार्यालयात मी राहतो. शेजारी माझा जुळा भाऊ. तो इथली वेळ दाखवतो, मी दूरच्या एका शहराची. ते शहर पश्चिमेला पाच हजार किलोमीटरवर. तिथे सूर्य उशिरा उगवतो, म्हणून मी भावाच्या पाच तास मागे. माझ्याखाली त्या शहराच्या नावाची पितळी पट्टी होती. मालक मला स्वतः पुसत आणि गिऱ्हाइकांना सांगत, "विमानाला खरा वेळ किती लागतो, ते या दोघांना विचारा. ही कधी फसवत नाहीत." मी अगदी फुशारून जायचो.

मग भिंतीला रंग दिला. पट्टी काढली ती मालकांच्या खणातच राहिली. लावू लावू म्हणता सहा महिने गेले.

मालक बाहेरगावी असताना नव्या कारकून ताई स्टुलावर चढल्या. "अगं बाई, हे तर पाच तास मागे पडलंय!" त्यांनी माझे काटे भावाशी जुळवले. खोटे कशाला बोलू, मलाही बरे वाटले. आयुष्यात पहिल्यांदा मी भावाच्या बरोबरीला आलो होतो!

दुसऱ्याच दिवशी कपडे शिवणाऱ्या एक मावशी आल्या. त्या शहरात त्यांची धाकटी बहीण डोळ्याच्या आजाराने त्रासली होती. तिचे इंजेक्शन तिकडे संपले होते, इथे मिळाले होते. मावशींचे तिकीट मालकांनीच बाहेरगावी जाण्याआधी काढून दिले होते.

"उद्या दुपारच्या आत तिला मिळायला हवं. बर्फाच्या डब्यातून नेतेय. बर्फ सहाच तास टिकतो. पुरेल ना हो?"

ताईंनी तिकीट वाचले. "नऊला निघतं, साडेदहाला उतरतं. दीड तास फक्त!"

"पण मालक मागे म्हणाले होते, या दोन घड्याळांना विचारा." मावशींनी मान वर करून आम्हाला नीट न्याहाळले. "सारखीच आहेत की. मग मिटली काळजी."

माझ्या तोंडचे पाणी पळाले. पाच हजार किलोमीटर दीड तासात? अहो, साडेदहा ही तिकडची वेळ, त्यात पाच तास मिळवा, साडेसहा तास लागतात! पण मला टिकटिकीशिवाय दुसरी भाषा येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मालक परतले. माझ्याकडे बघताच ते दारातच थबकले. "याला कोणी हात लावला?"

"मागे पडलं होतं, काका. मी बरोबर केलं."

"मावशी कुठायत?"

"गेल्या. नऊचं विमान होतं. इंजेक्शनच्या डब्यातला बर्फ सहा तास टिकतो, प्रवास तर दीडच तासाचा."

"दीड नाही, साडेसहा तास!" मालक फोनकडे धावले. मग विमान कंपनीला फोनवर फोन झाले, पण कोणी दाद दिली नाही. साडेदहा वाजले. विमानात मावशी उतरण्याची वाट बघत असतील, डब्यात बर्फाचे पाणी होत असेल, आणि मी माझ्या तोंडावर तेच खोटे साडेदहा दाखवत राहिलो.

संध्याकाळी मावशींचा फोन आला. इंजेक्शन फेकून द्यावे लागले होते. दुसरे आठवड्याने मिळाले. तोवर बहिणीचा डावा डोळा गेला.

परत आल्यावर मावशी कार्यालयात आल्या. भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "इथे होती तोवर माझ्या सुईत दोरा तीच ओवायची हो."

कारकून ताईंनी रडत रडत खणातून पट्टी काढली आणि स्वतः ठोकली. मी पुन्हा पाच तास मागे आहे.

मित्रांनो, एखादा इतरांहून वेगळा चालताना दिसला, तर त्याचे काटे फिरवण्याआधी एकदा विचारा, तो कोणाची वेळ सांभाळतो आहे. आणि काढून ठेवलेली पट्टी त्याच दिवशी लावा.