टाच एकदाच लावावी

तोफखान्यातली तुफान ही माझी पणजी. चिखलात रुतलेल्या तोफा ती छातीच्या जोरावर बाहेर काढत असे. डाकगाडीची कस्तुरी ही माझी आजी, आणि शर्यतीच्या मैदानावर अखेरचा श्वास सोडणारी मैना ही माझी आई. त्यांच्या वंशातली मी, सरदारीण, घोडेस्वारीच्या शाळेतली एक जुनी घोडी आहे. मित्रांनो, ताठ बसा आणि लक्ष देऊन ऐका. मी आळशी आहे, हे तुम्ही ऐकलेच असेल. त्याविषयी मला बोलायचे आहे, आणि माझ्याजवळ वेळ थोडा आहे.

मला मास्तरांनी घडवले. उंच, शिडशिडीत माणूस. त्यांची पोटरी माझ्या बरगड्यांना हलकेच टेकली की मी निघे, आणि मी निघाले की ते पाय शांत ठेवत. तो शांतपणा हीच माझी शाबासकी होती.

एका उन्हाळ्यात तबेल्याला आग लागली. बाकीची जनावरे बाहेर पळाली. मी मात्र कोपऱ्यात थिजून उभी राहिले. मास्तर माझ्यासाठी पुन्हा आत शिरले. अंगातला सदरा काढून त्यांनी माझ्या डोळ्यांवर बांधला आणि मला ओढत दारापर्यंत आणले. मी बाहेर पडले, आणि त्याच क्षणी वरचा जळता वासा त्यांच्या उजव्या पायावर कोसळला. तो पाय पुन्हा कधी रिकिबीत गेला नाही. रागाचा एक शब्दही त्यांनी मला ऐकवला नाही. ते देणे माझ्या छातीवर तसेच राहिले.

त्यानंतर मास्तर मैदानाच्या मधोमध उलट्या बादलीवर बसून शिकवू लागले, आणि माझ्या पाठीवर नवशिके आले. घाबरलेला नवशिका आपण पडू नये म्हणून लगाम आवळतो आणि घोडे चालावे म्हणून टाचा मारतो. टाच म्हणते चल, लगाम म्हणतो थांब. चालले तर तोंड फाटे, थांबले तर बरगड्या सोलून निघत. अखेर मी थांबणे पत्करले. सतत बडबडणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. दर पावलाला बसणाऱ्या टाचेचेही तसेच होते. माझ्या बरगड्यांवरचे केस गेले, खालची कातडी बधिर झाली. मग छड्या आल्या.

"अहो मास्तर, ही घोडी आहे की चौकातला पुतळा?" कुंपणापाशी उभा असलेला कुणाचा तरी बाप एकदा ओरडला. "कबुतरं तरी बसवा हिच्या डोक्यावर!"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

एके दिवशी शाळेच्या मालकांनी माझे दात पाहिले, बरगड्या पाहिल्या. "मास्तर, बसून खाणारं जनावर मला परवडत नाही. शनिवारी खाटकाची गाडी येतेय."

"आणि त्याआधी हिनं नवशिक्याखाली चालून दाखवलं तर?"

"तर राहू दे. पण चालतेय कसली!"

मास्तरांनी आपल्या नातीलाच माझ्या पाठीवर बसवले. तिला घरात ठकी म्हणत. ती याआधी कधी घोड्यावर बसली नव्हती, आणि तिनेही तेच केले: मुठी आवळल्या, टाचांचा मारा सुरू केला.

"आजोबा, ही ऐकतच नाही! आळशी आहे नुसती!"

"एका हातानं दार ठोठावतेस आणि दुसऱ्यानं बाहेरून कडी लावतेस. कोण बाहेर येईल, ठके? हात सैल सोड. एकदाच विचार, आणि उत्तराची वाट बघ."

तिला ते जमेना. रोज मी मैदानात उभी, आणि रोज ती रडत खाली उतरे.

शुक्रवारी, मैदानाबाहेर तरी जमते का ते पाहायला, मास्तर आम्हाला कालव्याच्या वाटेने घेऊन निघाले; ठकी माझ्या बाजूने पायी चालत होती. शिकवणीचा लांब दोर खांद्यावर टाकून ते लंगडत माझ्यापुढे चालत होते. काठावर तोडलेल्या झाडांचे ओंडके रचून ठेवलेले होते. तिथे काठ खचला. मास्तर कोरड्या कालव्यात पडले आणि त्यांच्यामागून आलेल्या एका ओंडक्याने त्यांना तळाशी दाबून धरले. संध्याकाळी कालव्याला पाणी सुटत असे. ते सुटले.

मास्तर खालून सांगत गेले तसा ठकीने दोर ओंडक्याला आणि माझ्या खोगिराला बांधला, आणि ती वर चढली. पाणी त्यांच्या छातीशी आले होते. तिने किंचाळत टाचा मारल्या आणि लगाम गच्च धरला. मी जागची हलले नाही. माझे मन पुढे धावत होते, पण इतक्या वर्षांचे शरीर ऐकेना.

"ठके, हात सोड!"

"आजोबा, मला भीती वाटतेय!"

"वाटू दे. हात तेवढे सोड."

तिने लगाम टाकून माझी आयाळ धरली. तिची पोटरी एकदाच, हलकेच, माझ्या अंगाला टेकली. आणि मग ती थांबली. त्या थांबण्यात मला ती ऐकू आली.

मी छाती पुढे घातली. दोर ताणला, ओंडका कण्हला आणि हलला. माझ्या उजव्या पुढच्या पायात काहीतरी तटकन तुटले. थांबावेसे वाटले. पण ठकीचे पाय शांत होते, आणि शांत पायांचा अर्थ मला ठाऊक होता. पणजीला आठवून मी आणखी ओढले. मागे मास्तरांचा खोकला ऐकू आला, मग काठावरच्या गवताला घट्ट धरणारे त्यांचे हात दिसले. तेव्हाच मी खाली बसले.

काल रात्री मला गाडीवर घालून तबेल्यात आणले. आज शनिवार. मालकांनी खाटकाची गाडी परत पाठवली आहे. परंतु तुटल्या पायाची घोडी पुन्हा उभी राहत नाही. आता जनावरांचे डॉक्टर येणार आहेत, आणि ते कशासाठी, हे मला कोणी समजावून सांगायला नको. मास्तर आपली बादली उलटी ठेवून तिच्यावर माझ्या डोक्याशी बसले आहेत. ठकीचा हात माझ्या बधिर बरगड्यांवर आहे. तो मला जाणवत नाही. मला तो दिसतो.

मित्रांनो, तुमच्या हाताखाली जे जनावर येईल, त्याला स्पष्ट विचारा, एकदाच विचारा, आणि त्याने उत्तर दिले की गप्प राहा. ही विनंती समजू नका. ही माझी आज्ञा आहे.

बाहेर डॉक्टरांची गाडी थांबली. मास्तरांचा उजवा पाय माझ्यासाठी गेला होता. माझा उजवा पाय त्यांच्यासाठी गेला. ते देणे आता फिटले.