चौरंगाचा कोपरा

शकुनताई केळशीकरांचा राग नाकावर नसतो, पोटात असतो. म्हणून लोकांना वाटतं, बाई फार सोशीक. सोशीक कसली! विचारणारं कुणी भेटलं नव्हतं, एवढंच.

कोलकात्यात डमडमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत गेले पाच आठवडे त्या तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा सागवानी चौरंग घेऊन बसल्या होत्या. मागल्या वर्षी कुणा शहाण्यानं त्यावर चहाची गरम किटली ठेवली आणि मधोमध पांढरं वर्तुळ उमटलं. कमिटी म्हणाली, टाकून द्या, नवा घेऊ. चाळीस वर्षं ज्यावर गणपती बसला तो चौरंग, आणि म्हणे टाकून द्या. शकुनताईंनी तो टॅक्सीत घातला आणि घरी आणला.

लाखेचं पॉलिश त्यांना सुधाकर मिस्त्रीनं शिकवलं होतं. वीस वर्षांपूर्वी हा म्हातारा घरातल्या कपाटाला पॉलिश करायला यायचा, आणि शकुनताई चहाच्या निमित्तानं तिथेच रेंगाळायच्या. चौथ्या दिवशी त्यानं बोळाच त्यांच्या हातात दिला. आत लोकरीचा तुकडा, वरून जुनं सुती कापड, आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. हात फिरता ठेवायचा. थांबला की चिकटला. मिस्त्री त्यांना बंगाली रिवाजानं बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचा. सांगायचा, "चमक चढवणं कुणालाही जमतं, बौदी. ती उतरवता आली पाहिजे." म्हणजे असं, की लाख पुरती वाळली की बारीक काचपेपर तेलात बुडवून तीच चमक हलक्या हातानं घासून काढायची. आधी सगळं पांढुरकं, मळकट दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, झालं वाटोळं. मग मेण लावून पुसलं की हाताला रेशीम लागतं. आता निम्मा चौरंग घासून झाला होता, निम्मा अजून चकाकत होता.

या सगळ्यात यजमानांचा, म्हणजे जयप्रकाशरावांचा हातभार एवढाच, की स्पिरिटच्या वासानं डोकं दुखतं हे ते दिवसातून दोनदा सांगायचे.

चतुर्थीला चार दिवस उरले असताना मंडळाचा चिटणीस उन्मेष कार्ड घेऊन आला. सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपनीत नोकरी करणारा, तुरुतुरु बोलणारा मुलगा. शकुनताईंनी चष्मा लावून कार्ड वाचलं. 'चौरंगाचे नूतनीकरण केल्याबद्दल श्री. जयप्रकाश केळशीकर यांचा सत्कार.' त्यांनी ते पुन्हा वाचलं. उन्मेष म्हणाला, यादीत सभासद म्हणून काकांचंच नाव आहे ना काकू, आणि आठवड्यापूर्वी फोन करून तेच छापू का, असं मी काकांना विचारलंही होतं. काका पंख्याकडे बघत होते.

शकुनताई चहा करायला स्वयंपाकघरात गेल्या, तेव्हा मागोमाग येऊन जयप्रकाशरावांनी हळूच समजूत घातली. अगं, तुझं-माझं काय वेगळं आहे? वेगळं नाही? मग बोटांना पडलेल्या भेगा कुणाच्या? डोकेदुखी तेवढी पाच आठवडे अगदी स्वतःची, वेगळी धरता आली. शाल आली की लगेच सगळं सामाईक! चहा उतू गेला, तसा शकुनताईंनी गॅस बंद केला आणि कप भरायला घेतले.

काका बाहेर आले तेव्हा उन्मेष बाल्कनीत चौरंग बघत होता. ही बाजू किती छान चमकते, काका, आणि ही मळकट का राहिली, असं त्यानं विचारलं. आता तरी या माणसानं म्हणावं ना, की मला ठाऊक नाही, हिला विचार. छे. सत्कारमूर्ती ते! जाणकारासारखी मान हलवून त्यांनी फडकं घेतलं, स्पिरिटच्या बाटलीत बुचकळलं आणि पुढच्या पट्टीच्या मळकट कोपऱ्यावर कसून घासलं.

शकुनताई ट्रे घेऊन दारात आल्या तेव्हा उशीर झाला होता. तळहाताएवढी लाख विरघळून गुळाच्या पाकासारखी चिकट झाली होती आणि फडक्याचे धागे तिच्यात अडकले होते.

"काका, हे चार दिवसांत होईल ना नीट?" उन्मेषनं विचारलं. काकांनी काकूंकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" शकुनताईंनी ट्रे खाली ठेवला. "सत्कार ज्यांचा, त्यांनी सांगावं."

उन्मेष गेल्यावर जयप्रकाशराव म्हणाले, मी आत्ताच्या आत्ता फोन करून नाव बदलायला सांगतो.

"कार्ड राहू द्या. तो कोपरा तुमचा. मी त्याला बोट लावणार नाही."

आणि नाहीच लावलं. बाकी चौरंग त्यांनी घासला, मेण लावलं, पुसला. कोपरा धाग्यांसकट तसाच ठेवला.

चतुर्थीला सॉल्ट लेकच्या हॉलमध्ये गणपती बसला. चौरंगावर वस्त्र होतं, पण पुढची पट्टी उघडी होती. सत्कार झाला, आणि प्रसादाला रांगेत आलेल्या मंडळातल्या मंजुषावहिनींनी कौतुकानं पट्टीवरून हात फिरवला. किती मऊ लागतंय हो, असं म्हणता म्हणता हात कोपऱ्याशी अडला.

"अगं बाई, इथे काय झालं?"

जयप्रकाशराव शाल-नारळ घेऊन शेजारीच उभे होते. शकुनताईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि नजर हलवली नाही.

"ते मी केलं," ते शेवटी म्हणाले. "तेवढंच मी केलं. बाकी सगळं काम हिचं. मला साधा बोळा धरता येत नाही."

रांग थांबली. उन्मेषनं लगबगीनं माइक उचलला आणि जाहीर केलं, की सौ. जयप्रकाश केळशीकर यांचंही मंडळ अभिनंदन करतं. शकुनताईंनी त्याच्या हातातून माइक घेतला.

"शकुन," त्या म्हणाल्या. "शकुन केळशीकर. पुढल्या वर्षीच्या कार्डावर नीट छापा."

विसर्जनानंतर चौरंग पुन्हा डमडमच्या बाल्कनीत आला. आपली सत्काराची शाल कुठे दिसेना म्हणून जयप्रकाशराव शोधत आले. शकुनताई कात्री घेऊन बसल्या होत्या आणि शालीचे चार सारखे तुकडे झाले होते. बोळ्याच्या आत लोकर लागते, आणि ही चांगली निघाली.

एक तुकडा सुती कापडात गुंडाळून त्यांनी नवऱ्यापुढे धरला.

"बसा. आणि हात थांबवायचा नाही."